पावसाळा आला की ‘फॉरमॅट करा’ म्हणणारी हार्डडिस्क: आतला डेटा कसा काढायचा आणि तो पुन्हा पुन्हा का जातो

एक्स्टर्नल हार्डडिस्क लावली, दिवा पेटला, आत काहीतरी फिरल्याचा आवाजही आला, आणि पडद्यावर चौकट उघडली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? तुमच्यासमोर आत्ता हीच चौकट असेल तर ‘रद्द’ दाबा, केबल काढा, डिस्क बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा. घाई करू नका. बंद ठेवलेल्या डिस्कमधून दोन दिवसांत काही नाहीसं होत नाही. जे जातं ते बहुतेक वेळा घाबरून केलेल्या खटाटोपांत जातं.

गोव्यातल्या फोंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वर्षभर कीबोर्ड, स्क्रीन, प्रिंटर अशी कामं असतात, पण मिरग लागला की हार्डडिस्का यायला लागतात. लग्नाचे फोटो काढणारे येतात, हिशेब लिहिणारे येतात, शाळेचे शिक्षक येतात, भजनी मंडळाचे लोक येतात. त्यातले बरेच जण त्याच डिस्कसाठी दुसऱ्यांदा आलेले असतात. म्हणून इथे नुसतं डेटा काढण्याबद्दल न लिहिता तो पुन्हा का जातो तेही लिहितो. पहिलं जमलं आणि दुसरं राहिलं, तर पुढच्या पावसात गाडी पुन्हा तिथेच येते.

म्हार्दोळच्या बाजूचे एक काका मला नीट आठवतात, कारण ते दोन वर्षं लागोपाठ डिस्क घेऊन आले. हौशी नाट्यमंडळाचं सगळं दप्तर त्यांच्याकडे. जत्रेतल्या नाटकांची चित्रीकरणं, टाइप केलेल्या संहिता, तालमींचे फोटो, सगळं एका टीबीच्या एका डिस्कवर. पंचात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, भर पावसात ते दुकानात आले. म्हणाले, “बाकी काय गेलं तर जाऊ दे रे, पण आमच्या मास्तरांचा आवाज ह्यात आहे. तो दुसरीकडे कुठेच नाही.” मास्तर वारून तीन वर्षं झाली होती.

गेलं म्हणजे नेमकं काय झालं

आपण फाइल पुसतो तेव्हा तिच्यातला मजकूर लगेच पुसला जात नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावरून (आमच्या गोव्यातला सातबारा) नाव कमी झालं म्हणून घर लगेच पडत नाही, तसंच हे. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची नोंदवही असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फाइल पुसली की त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि फाइलची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही, तोवर जुना मजकूर तिथेच असतो. पेनड्राइव्हवर असते त्या फॅट-३२ पद्धतीत नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि फाइलचे तुकडे जोडणारी साखळी पुसली जाते. म्हणून तिथे तुकड्यातुकड्यांत पसरलेली मोठी फाइल परत जुळवणं जास्त अवघड जातं.

‘फॉरमॅट करा’ ही चौकट येते तेव्हा तर बहुधा कुणी काही पुसलेलंच नसतं. नोंदवहीचं पहिलं पान, म्हणजे बूट सेक्टर, किंवा वहीचा एखादा महत्त्वाचा भाग वाचता येत नाही, म्हणून विंडोज त्या डिस्कला ‘रॉ’ समजतं. आतलं सामान जागच्या जागी असतं. या पहिल्या पानाची एक प्रतही डिस्कवर ठेवलेली असते: एनटीएफएसमध्ये विभागाच्या (पार्टिशनच्या) अगदी शेवटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), फॅट-३२ मध्ये सहसा सहाव्या सेक्टरवर. योग्य साधन ती प्रत शोधून काढतं.

म्हणजे आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्या डिस्कवर आता काहीही नवीन लिहिलं जाऊ नये. डेटा काढायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका, मिळालेल्या फायली त्याच डिस्कवर ठेवू नका. फाइल सी ड्राइव्हवरून गेली असेल तर नुसता कॉम्प्युटर चालू ठेवणंही धोक्याचं आहे, कारण ब्राउझर, अपडेट आणि खुद्द विंडोज सतत काहीतरी लिहीत असतात. महत्त्वाचं फोल्डर सी ड्राइव्हवरून गेलं असेल तर मी पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायला सांगतो. नंतर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची.

चेकडिस्कबद्दलही सांगून ठेवतो. विंडोज स्वतःच कधी कधी ‘या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का’ असं विचारतं. चेकडिस्कचं काम नोंदवही सुसंगत करणं आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. जी नोंद तिला जुळत नाही ती ती छाटते. काकांच्या पुतण्याने दुसऱ्या वर्षी तेच केलं होतं, आणि डिस्कवर ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात शेकडो ‘सीएचके’ फायली झाल्या होत्या, नावं नाहीत, फोल्डर नाहीत. पोराने चांगल्या मनानेच केलं. पण त्या एका होकाराने माझं काम चार दिवसांनी वाढलं.

आधी कान द्या, मग केबल बदला

काकांची डिस्क मी लावली तेव्हा तिने टक… टक… टक असा आवाज केला आणि फिरणं थांबलं. हा आवाज ऐकला की लोक हेड, म्हणजे आतली तबकडी वाचणारा भाग, गेलं असं धरून चालतात. बरेचदा ते खरंही असतं. पण अडीच इंची पोर्टेबल डिस्कला फिरायला सुरुवात करताना बराच करंट लागतो. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट, आत लांब वायर, वर गंजलेला कनेक्टर किंवा दुकानात मिळणारी लांब स्वस्त केबल असेल, तर डिस्कपर्यंत पोचता पोचता व्होल्टेज पडतं. मोटर फिरायला बघते, दम पुरत नाही, हेड परत जागेवर जातं. ऐकायला तेच टक टक.

मी आखूड केबल घेतली आणि मशीनच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या निळ्या पोर्टला लावली. डिस्क सरळ फिरली. फॉरमॅटची चौकट आलीच, पण डिस्क जिवंत होती. तुम्हीही हे करून बघा, मात्र एकदा किंवा दोनदाच. चांगल्या केबलवर, चांगल्या पोर्टवरही आवाज तसाच राहिला, खरखर आली किंवा शिट्टीसारखा बारीक सूर आला, तर लगेच बंद करा. डिस्कमधलं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते एकदा टेकलं की दर फेऱ्याला वरचा थर खरवडत जातं, आणि पोर्टेबल डिस्क मिनिटाला सहसा ५,४०० फेरे घेते. अशा डिस्कवर एकदा आणखी प्रयत्न करून बघू म्हणण्याची किंमत फार मोठी असते.

डिस्क फ्रिजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही लोक एकमेकांना सांगतात. आपल्या हवेत तर तो अजिबात करू नका. गार डिस्क बाहेर काढली की पाच मिनिटांत तिला घाम फुटतो, आणि तो घाम आतही धरतो.

तब्येत बघणे

डिस्क दिसत असेल, तर कुठलंही स्कॅन लावण्याआधी तिची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती दाखवतं. त्यात पुष्कळ आकडे असतात, मी चारच बघतो. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचताना अडलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका. डेस्कटॉपमधल्या डिस्कला हा सी७ वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्कचा दोष नसण्याची शक्यता मोठी.

सी५ चा आकडा शून्य असेल तर तुम्ही घरी काम करू शकता. तो शेकड्यांत असेल किंवा तुमच्या डोळ्यांदेखत वाढत असेल, तर डेटा काढणारं सॉफ्टवेअर त्या डिस्कवर थेट चालवू नका. असं सॉफ्टवेअर खराब जागी अडकून तेच तेच वाचत बसतं आणि आधीच थकलेलं हेड तिथेच संपतं.

आधी प्रत, मग शोध

काकांच्या डिस्कचा सी५ आकडा चाळीसच्या आसपास होता. म्हणून पहिलं काम प्रत काढण्याचं. इथे मी फाइलींची प्रत म्हणत नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, रिकामी वाटणारी जागा धरून, जशीच्या तशी संपूर्ण डिस्कची प्रत.

त्यासाठी मी विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू करतो आणि डीडीरेस्क्यू वापरतो. ते मोफत आहे आणि या कामासाठीच बनवलेलं आहे. ते आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातं, आणि शेवटी त्या अडलेल्या जागांकडे परत येतं. डिस्क मधेच मेली तरी तोवर बहुतेक माल हाताशी आलेला असतो. दुसरं म्हणजे ते एक नकाशा-फाइल ठेवतं: कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं, काय राहिलं. लाइट गेली, मशीन बंद पडलं, तर पुन्हा चालू करून ती नकाशा-फाइल दाखवायची, काम तिथूनच पुढे सुरू. फोंड्यात पावसाळ्यात काम करणाऱ्याला याचं मोल मी वेगळं सांगायला नको. नकाशा-फाइल मात्र तिसऱ्याच डिस्कवर ठेवा आणि तिचं नाव लिहून ठेवा.

इथे एक चूक अशी आहे की ती झाली तर परत फिरता येत नाही. आज्ञा देताना आधी जुनी डिस्क, मग नवी. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून मी दोन्हींचे अनुक्रमांक कागदावर लिहितो, जुनीवर लाल पट्टी चिकटवतो, पडद्यावरचा अनुक्रमांक कागदाशी ताडतो, आणि मगच एंटर दाबतो. वीस वर्षं हे काम करूनही ही पट्टी मी सोडलेली नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

वेळेचा अंदाज असा: एक टीबीची निरोगी डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला शंभर एमबीने वाचली तर तीनेक तास, यूएसबी २ वर तीस एमबीने वाचली तर नऊ-साडेनऊ तास. खराब सेक्टर असतील तर दिवस लागतात. काकांच्या डिस्कला पहिल्या वर्षी दीड दिवस लागला, मधे तीनदा लाइट गेली. पंखा डिस्कवर सोडून ठेवला होता. शेवटी नकाशात न वाचलेली जागा काही केबी एवढीच उरली.

प्रत हातात आली की जुनी डिस्क पिशवीत घालून कपाटात. पुढचं सगळं प्रतीवर.

प्रतीवर पहिल्यांदा टेस्टडिस्क चालवा. तेही मोफत. ते हरवलेले विभाग शोधतं, बूट सेक्टर आणि त्याची राखीव प्रत पडताळून बघतं. विभाग सापडला की ‘पी’ दाबा, आतली यादी दिसते. यादीत तुमची फोल्डरं आपापल्या नावांनी दिसली, तर तिथूनच निवडून ‘सी’ दाबून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्या वेळी ‘राइट’ दाबून विभाग दुरुस्त करण्याचा मोह होतो. फायली बाहेर येईपर्यंत तो आवरा. अक्षरी पडद्यावर काम करायची सवय नसेल तर डीएमडीई किंवा आर-स्टुडिओ बघा. डीएमडीईची मोफत आवृत्तीही एका वेळी एका फोल्डरातल्या बऱ्याच फायली काढू देते. नुसती फाइल पुसली गेली असेल तर रेकुव्हा पुरतं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढलेलं विंडोज फाइल रिकव्हरी हेही आहे, विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढे चालतं, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात.

फोटोरेक हे टेस्टडिस्कचंच भावंड, पण ते मी शेवटी काढतो. ते नोंदवहीकडे बघतच नाही. डिस्कवरून सरळ जात राहतं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या ओळखखुणांवरून फायली उचलतं. म्हणून नोंदवही पूर्ण गेली तरी ते काहीतरी आणतं. पण नावं जातात, फोल्डर जातात, ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा अशा हजारो फायली हाती येतात. फोटोंच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून ते लावता येतात. मोठे व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्यांत असतील तर असे आणलेले बरेचदा चालत नाहीत. काकांची चित्रीकरणं पहिल्या वर्षी टेस्टडिस्कने नावांसकट मिळाली. मास्तरांचा आवाज ‘तालीम’ नावाच्या फोल्डरात होता. काउंटरवर छोट्या स्पीकरवर लावला. पेटीचा सूर, मग खोकला, मग “पुन्हा घ्या, पहिल्यापासून.” काका उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

मुळात न गेलेला डेटा

काही वेळा डेटा गेलेलाच नसतो. पेनड्राइव्हवरची फोल्डरं शॉर्टकट झाली असतील तर ते व्हायरसचं काम: मूळ फोल्डर लपवलेली असतात. अँटिव्हायरस चालवा, लपलेल्या आणि सिस्टिम फायली दाखवायचा पर्याय चालू करा, आहे तिथेच सापडतील. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाग दिसतो पण त्याला ड्राइव्हचं अक्षर (डी, ई असं) नाही, तर अक्षर द्या. नवा लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागत असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात ती किल्ली बहुधा सापडते. ती नसेल तर आतला डेटा कुणालाच काढता येत नाही, म्हणून आज सगळं नीट चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

आपल्या लोकांची म्हणून एक खास अडचण आहे. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेल्या संहिता, निमंत्रणपत्रिका, देवस्थानच्या वह्या अजून पुष्कळांकडे आहेत. त्या परत मिळवून नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, आणि माणूस म्हणतो, फाइल बिघडून आली. ती बिघडलेली नसते. तो फॉन्ट घातला की मराठी उभी राहते. काकांच्या एकोणीस संहिता आम्ही अशाच उघडल्या आणि नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या. जोडाक्षरं आणि रफार कुठे कुठे हातांनी सुधारावे लागले.

जिथे आशा कमी

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, असते. तिथे पुसलेली फाइल शोधण्याचं गणित वेगळं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज फाइल पुसली की एसएसडीला ‘ही जागा आता लागत नाही’ असा ट्रिम निरोप देतं, आणि त्यानंतर ती जागा वाचायला गेलं तर बहुधा शून्यंच मिळतात. तिथे रिसायकल बिन, वनड्राइव्हचा किंवा गूगल ड्राइव्हचा कचराडबा (वैयक्तिक खात्यात दोन्हीकडे ३० दिवस) आणि ‘मागील आवृत्त्या’ एवढ्याच जागा बघा. काही नव्या फिरत्या पोर्टेबल डिस्काही, ज्यांत पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, ट्रिम मानतात. म्हणून “क्विक फॉरमॅट करू, मग सॉफ्टवेअरने काढू” ही जुनी युक्ती आज करू नका. पूर्ण फॉरमॅट तर व्हिस्टापासून सगळीकडे शून्यंच लिहितो.

पाण्यात बुडालेली डिस्क वेगळी गोष्ट आहे. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला त्यानंतर माझ्याकडे चिखल लागलेल्या डिस्का आल्या होत्या. एकाने ती तांदळाच्या डब्यात ठेवून आणली, एकाने उन्हात. दोन्ही नको. बहुतेक हार्डडिस्कांना हवा खेळायला बारीक भोक असतं, पाणी तिथून आत जातं, आणि वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. चालू करू नका, वाळवू नका, ओलसरच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत पाठवा. आमच्याकडून अशा डिस्का मुंबई-पुण्याला जातात. हेड बदलायचं काम धूळमुक्त खोलीतच होतं आणि खर्च पाच आकड्यांत जातो. पाठवण्याआधी लेखी विचारा: डेटा न मिळाल्यास किती घेणार, मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवणार का, डिस्क उघडण्याआधी कळवणार का. पोर्टेबल डिस्कची बाहेरची डबी आणि तिच्यातला छोटा बोर्ड फेकू नका. काही डिस्का त्या बोर्डातूनच कुलूपबंद होऊन लिहिलेल्या असतात, बोर्ड गेला की आतली डिस्क धड असूनही वाचता येत नाही.

किनारपट्टीच्या भागातून, कळंगुट-बागा बाजूने येणाऱ्या डेस्कटॉपच्या डिस्कांत मला अजून एक गोष्ट दिसते. खालचा हिरवा बोर्ड बारीक स्क्रू काढून उलटा केला की हेडशी जोडणारे ठिपके काळे पडलेले असतात. खारी हवा. साध्या खोडरबरने ते उजळले की काही डिस्का परत बोलू लागतात. हे मात्र हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

पुन्हा पुन्हा का जातो

पहिल्या वर्षी मी काकांना फायली नव्या डिस्कवर दिल्या आणि माझं काम झालं असं समजलो. पुढच्या जूनमध्ये तीच चौकट, नव्या डिस्कवर. तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. हे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं असं आजही वाटतं.

डिस्क कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टला कायमची लावलेली होती. घरी इन्व्हर्टर होता, पण त्याच्या मागचं बटण साध्या मोडवर. गावात पावसाळ्यात लाइट डोळा मिचकावल्यासारखी जाते-येते. चांगला पॉवर सप्लाय साधारण पंधरा-सोळा मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमधला इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होतो, आणि तेवढ्यात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. दिवसातून चार-पाच वेळा. त्यात डिस्क होती एक्सफॅट पद्धतीची, कारण मुलगा सुट्टीत आला की मॅकवर लावायचा. एक्सफॅटमध्ये काय लिहायला घेतलं होतं याची आगाऊ नोंद ठेवणारी रोजवही नसते. एनटीएफएसमध्ये ती असते, म्हणून मधेच वीज गेली तरी नोंदवही बरेचदा सावरता येते. लिहिता लिहिता अर्धवट तुटलं की एक्सफॅटचं ते पान तसंच फाटकं राहतं.

म्हणून बदल असे केले. इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर. कॉम्प्युटरला शिवाय छोटा वेगळा यूपीएस, त्याच्या बॅटरीवर तारीख लिहिलेली, कारण ती दोन-तीन वर्षांत बसते. डिस्क मागच्या पोर्टला, आखूड केबलने, लागेल तेव्हाच. फायली एनटीएफएस डिस्कवर. मुलाला द्यायचं ते पेनड्राइव्हवर, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण स्वतःहून लिहीत नाही. काढताना ‘सुरक्षित काढा’ दाबून दिवा विझेपर्यंत थांबायचं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून झटपट काढण्याची सोय आपोआप चालू असते, तरी कॉपी खरंच संपली की नाही हे तुम्हाला पडद्याकडे बघून कळत नाही.

ठेवायची जागाही बदलली. आधी डिस्क देवघराशेजारच्या कोनाड्यात, भिंतीला ओल. आता घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या रंग बदलल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत. एसी खोलीतून आणलेली डिस्क तासभर पिशवीतच राहू दे, मग लावा. फोटो स्टुडिओवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्यांची डिस्क थंड खोलीतून थेट दमट मांडवात जाते.

दुसऱ्या वर्षीच्या डिस्कमधून, पुतण्याच्या त्या चेकडिस्कनंतर, सगळं आलं नाही. तीन नाटकांची चित्रीकरणं फोटोरेकने तुकड्यांत आणली, त्यातली दोन चालत नाहीत. मास्तरांची तालीम वाचली, कारण पहिल्या वर्षीची प्रत माझ्या कपाटात तशीच होती. मी ती पुसायची विसरलो होतो, एवढंच.

त्यानंतर मंडळाने दुसरी डिस्क घेतली. ती सेक्रेटरींच्या घरी, दुसऱ्या वाड्यावर असते. चतुर्थीला मंडळी आरतीला जमतात तेव्हा दोन्ही डिस्का एका टेबलावर येतात. पुतण्या एकीवरचं दुसरीवर उतरवतो, मग दुसऱ्या डिस्कवरून कुठल्याही चार फायली उघडून शेवटपर्यंत चालवून बघतो, आणि डिस्कच्या पाठीवरच्या कागदी पट्टीवर तारीख घालतो. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा पट्टीवर चार तारखा होत्या.